इंजिन बंद पडलं, पण माणसं कशानं गेली?

प्रश्न असा आहे: दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करी हवाई दलाची हजारो माणसं शत्रूचं तोंडही न पाहता, मायदेशातच, सरावाच्या उड्डाणांत मेली. त्यांतल्या बऱ्याच अपघातांपुढे कारण म्हणून फक्त 'यांत्रिक बिघाड' एवढंच लिहिलेलं सापडतं. विचारणाऱ्यांनी मेबल रॉलिन्सन या वैमानिक महिलेचं उदाहरण दिलं आहे. इंजिन बंद पडणं इतकं जीवघेणं असतं का, दोन किंवा चार इंजिनांची विमानंही एका इंजिनापायी का पडावीत, आणि असा जुना अहवाल हाती आला तर तो वाचायचा कसा, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

माझी नोकरी पिस्टन इंजिनं उघडण्यात आणि परत जोडण्यात गेली, पुढे काही वर्षं अपघातांच्या चौकशीतही. त्या अनुभवावरून आधी थोडक्यात सांगतो. नुसतं इंजिन बंद पडून माणसं सहसा मरत नाहीत. मरतात ती त्याच्या जोडीला आलेल्या दुसऱ्या दोषानं. आणि हा दुसरा दोष बहुतेक वेळा किरकोळ असतो, जुना असतो आणि कुणाला तरी आधीपासून ठाऊक असतो. रॉलिन्सन यांचा अपघात याचाच नमुना आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

तारीख 23 ऑगस्ट 1943, वेळ रात्रीची, जागा उत्तर कॅरोलायना राज्यातला कॅम्प डेव्हिस. हा विमानविरोधी तोफखान्याच्या सरावाचा तळ. तोफांना नेम धरायला लक्ष्य हवं, म्हणून विमानामागे लांब दोरावर कापडी लक्ष्य बांधून ते आकाशात ओढत न्यायचं, हे इथल्या वैमानिकांचं काम. ते करायला 'वास्प' या महिला वैमानिक दलाच्या मुलींना आणलं होतं. त्यांना मिळालेली विमानं होती ए-24, म्हणजे नौदलाच्या डॉन्टलेस या बॉम्बफेकी विमानाची लष्करी आवृत्ती. एकच इंजिन, पुढे वैमानिक, मागे दुसरा माणूस. त्या रात्री रॉलिन्सन पुढच्या जागेवर होत्या आणि प्रशिक्षक मागे. उतरायला येताना इंजिनानं दगा दिला. विमान धावपट्टीच्या अलीकडेच कोसळलं आणि मधून तुटलं. प्रशिक्षक बाहेर फेकला गेला. जखमी झाला, पण जगला. पुढच्या भागानं पेट घेतला आणि रॉलिन्सन यांना बाहेर पडता आलं नाही. कॅनॉपीचा, म्हणजे डोक्यावरच्या काचेच्या झाकणाचा, खटका बिघडलेला होता, आतून उघडत नव्हता, आणि ही तक्रार आधीच नोंदवलेली होती, असं त्यांच्या सहकारी वैमानिकांनी पुढे सांगितलं.

आता हे चौकशी करणाऱ्याच्या नजरेनं बघा. त्याच विमानात बसलेला एक माणूस वाचला. म्हणजे आपटण्याचा धक्का सहन होण्याजोगा होता. आमच्या कामात अपघाताचे दोन भाग वेगवेगळे तपासतात: विमान का पडलं, आणि पडल्यावर माणसं का गेली. पहिल्याचं उत्तर इंजिन. दुसऱ्याचं उत्तर खटका. इंजिन चालू राहिलं असतं तर बिघडलेला खटका आणखी कित्येक महिने कुणाच्या लक्षात राहिला नसता. खटका धड असता तर ती रात्र भाजलेल्या हातांवर कदाचित निभावली असती. पण अहवालाच्या एका ओळीत दोन कारणं मावत नाहीत, आणि मोठं नाव असलेलं कारण आत जातं.

'नोंद होती तर विमान उडवलं कसं?' हा प्रश्न साहजिक आहे. प्रत्येक विमानाबरोबर एक फॉर्म असे, फॉर्म 1ए. उड्डाणानंतर वैमानिकानं त्यात दोष लिहायचे आणि जमिनीवरच्या मंडळींनी विमानाच्या स्थितीची खूण करायची. लाल फुली म्हणजे विमान उडवायचं नाही. लाल तिरकी रेघ म्हणजे दोष आहे, पण उडवता येईल. लाल आडवी रेघ म्हणजे ठरलेली तपासणी राहून गेली आहे. सगळी मेख त्या तिरक्या रेघेत. फुली मारली की विमान दिवसाच्या कामातून गेलं, वरचे अधिकारी जाब विचारणार, विद्यार्थ्यांचे तास बुडणार. तिरकी रेघ मारली की सगळेच खूश. कुणाला वाटेल हा युद्धातला हलगर्जीपणा. पण ज्यानं कुठल्याही हँगरमध्ये नोकरी केली आहे तो हसेल. दोष लिहिला गेला की तो दुरुस्त झाल्यासारखं वाटू लागतं. दहाव्या वेळी तीच ओळ वाचणारा माणूस ती वाचतच नाही.

याच जातीची दुसरी नोंद म्हणजे 'जमिनीवर तपासलं, दोष आढळला नाही'. वैमानिक लिहितो, वर गेल्यावर इंजिन खोकतं. मेकॅनिक खाली इंजिन चालवून बघतो, ते छान चालतं. तो खोटं लिहीत नसतो. पण जमिनीवरचं इंजिन आणि दहा हजार फुटांवरचं इंजिन यांत फरक आहे. मॅग्नेटो म्हणजे सिलिंडरांना ठिणगी पुरवणारं यंत्र. त्यातून निघणारी ठिणगी उंचीवरच्या विरळ हवेत तारांमधून, ठिणगी वाटणाऱ्या झाकणावरच्या बारीक तड्यांमधून भलतीकडेच उडी मारते. खाली दाट हवेत तोच मॅग्नेटो शहाण्यासारखा वागतो. कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे इंधन आणि हवा मिसळणाऱ्या भागात, जमणाऱ्या बर्फाचं तर विचारूच नका. दमट हवेत, कमी थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनाची ताकद कमी ठेवून, खाली येताना कार्ब्युरेटरच्या घशात बर्फ धरतो, इंजिन गुदमरतं, विमान पडतं, आणि चौकशीचे लोक पोहोचेपर्यंत बर्फ वितळून पाणी वाहून गेलेलं असतं. इंजिन उघडून बघावं तर सगळं ठणठणीत. मग ठपका एक तर 'अज्ञात कारण' यावर किंवा मेलेल्या वैमानिकावर.

सरावाच्या तळांवर हे जास्त का होई, याचं एक कारण उघड आहे. नवं विमान आघाडीवर जाई आणि आघाडीवर थकलेलं, नाही तर जुन्या नमुन्याचं विमान सरावाला येई. यात कुणाचा दुष्टावा नव्हता. वाटप दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं झालंच नसतं. दुसरं कारण माणसांचं. 1939 साली पंचवीसेक हजार माणसांचं असलेलं हे दल 1944 साली 24 लाखांवर गेलं. जुलै 1939 ते ऑगस्ट 1945 या काळात त्यांनी 1 लाख 93 हजारांहून जास्त वैमानिक तयार केले. वैमानिक इतके, तर मेकॅनिक किती लागले असतील याची कल्पना करा. मेकॅनिकच्या हाताला इंजिन 'कळायला' वर्षं लागतात. इथं काही महिन्यांचा वर्ग पूर्ण केलेला पोरगा अठरा सिलिंडरच्या इंजिनासमोर उभा होता. युद्धकाळात अमेरिकेतल्या अमेरिकेत या दलाचे 52 हजारांवर अपघात झाले आणि सुमारे 15 हजार माणसं गेली. त्यातले बहुतेक अपघात वैमानिकाच्या चुकीखाली मोडले. यांत्रिक बिघाडाचा वाटा त्याहून लहान असला, तरी या दोन खात्यांमधली भिंत फार पातळ आहे, त्याकडे पुढे येतो.

आधी एक उदाहरण जवळून दाखवतो, कारण कुठल्या चुकीचं फळ कुणाला मिळतं हे त्यात स्वच्छ दिसतं. त्या काळची बरीचशी मोठी इंजिनं गोल रचनेची, सिलिंडर चहूबाजूंनी फुलासारखे लावलेले. त्यामुळे काही सिलिंडर खाली डोकं वर पाय अशा अवस्थेत असतात. इंजिन रात्रभर थांबलं की तेल हळूहळू झिरपून या खालच्या सिलिंडरांत साचतं. सकाळी तसंच स्टार्टर मारला तर सिलिंडरच्या डोक्याकडे येणाऱ्या पिस्टनच्या वाटेत हवेऐवजी तेल येतं. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. काहीतरी वाकणार हे नक्की, आणि वाकतो तो कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला इंजिनाच्या मुख्य दांड्याशी जोडणारी दांडी. म्हणून नियम असा की सुरू करण्याआधी प्रोपेलर हातानं, पातं-पातं मोजून, फिरवायचा. मध्येच अडला, घट्ट लागला, तर जोर लावायचा नाही. खालच्या सिलिंडरचा स्पार्क प्लग काढायचा, तेल गळू द्यायचं, मग पुढे.

आता पहाटेची थंडी, रांगेत पंधरा विमानं, वेळ कमी. प्रोपेलर अडला. दोघांनी मिळून लोंबकळून जोर लावला आणि तो 'सुटला'. म्हणजे काय झालं? रॉड केसभर वाकला. इंजिन सुरू झालं, आवाज ठीक, मॅग्नेटोची तपासणी ठीक. त्या दिवशी काहीच होत नाही, कदाचित त्या आठवड्यातही नाही. पण वाकलेल्या जागी धातू दर फेऱ्याला थोडा थोडा थकत जातो. एक दिवस उड्डाण घेताना, पूर्ण ताकदीवर, तो तुटतो आणि इंजिनाच्या कवचाला भोक पाडून बाहेर येतो. त्या दिवशी कॉकपिटमध्ये वेगळाच विद्यार्थी असतो, प्रोपेलर फिरवणारी माणसंही वेगळी असतात. अहवालात लिहिलं जातं: यांत्रिक बिघाड, रॉड तुटला. खरंच आहे ते. फक्त ते खरं कुठल्या सकाळी सुरू झालं हे त्यात नसतं.

एका इंजिनाच्या विमानात इंजिन गेलं की काय होतं, हे थोडक्यात. उंची असेल तर काही बिघडत नाही; विमान तरंगत खाली येतं, शेत बघायचं आणि उतरायचं. पण उड्डाणानंतर लगेच, पाचशे फुटांवर इंजिन गेलं तर हाती अर्धं मिनिटसुद्धा धड नसतं. नियम एकच: नाक खाली, सरळ समोर जे असेल तिथं उतरा. आणि माणसाचं मन नेमकं उलटं सांगतं, धावपट्टी मागेच आहे, वळ. वळताना पंख कललेला, वेग आधीच कमी, विद्यार्थी नाक वर धरून उंची वाचवू बघतो. विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल सुटते, आणि एका पंखावर कोसळतं. सरळ समोरच्या झुडपांत घुसलेली मुलं पाय मोडून घेत; वळलेली मुलं बहुधा परत येत नसत. अहवालाच्या खात्यात दोन्ही अपघात 'इंजिन बंद पडलं' याच नावाचे.

दोन इंजिनांचं प्रकरण सामान्य माणसाच्या अंदाजाच्या बरोबर उलटं चालतं. दोन इंजिनं म्हणजे एक जास्तीचं, असं वाटतं. पण उड्डाणाच्या क्षणी दुसरं इंजिन हेच संकट असतं. एक बंद पडलं की दुसरं पूर्ण ताकदीनं विमानाला एका बाजूला फिरवतं. ती फिरकी रडरनं, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या सुकाणूनं, रोखायची, आणि रडरला जोर येतो तो वेगातून. म्हणून प्रत्येक विमानाला एक किमान वेग असतो. त्याच्या वर असलात तर एका इंजिनावर विमान ताब्यात राहतं. खाली असलात तर चांगलं इंजिनच विमानाला उलटं करतं. पी-38 या दोन इंजिनी लढाऊ विमानाच्या नव्या वैमानिकांना म्हणून शिकवावं लागे की उड्डाण घेताना एक इंजिन गेलं तर आधी चांगल्या इंजिनाची ताकद कमी करा, विमान सरळ करा, मग हळूहळू वाढवा. जीव वाचवायला चालू इंजिनाचा थ्रॉटल मागे ओढणं, हे दोनशे तास उडवलेल्या पोराच्या हाताला कसं सुचावं?

त्यात बंद इंजिनाचा प्रोपेलर. वाऱ्यानं तो फिरत राहिला तर त्याचा विरोध भयंकर असतो, जणू तेवढ्याच व्यासाची सपाट फळी समोर धरली आहे. म्हणून पाती फिरवून त्यांची धार वाऱ्याकडे करायची, याला फेदर करणं म्हणतात. पण बऱ्याच विमानांत फेदर करायला इंजिनाचंच तेल लागे. तेल गळून गेल्यामुळे इंजिन बंद केलं असेल तर फेदर करायला तेल उरलेलं नसे. इशारा मिळताच लगेच बटण दाबलं तर काम होई; 'थोडं बघू या' म्हणून थांबलं की संधी गेली. शिवाय घाईत भलत्याच इंजिनाचं बटण दाबणं हाही नेहमीचा प्रकार. त्यासाठी वैमानिकांमध्ये एक साधी खूण सांगतात: जो पाय रडरच्या पेडलवर सैल पडला आहे, त्या बाजूचं इंजिन मेलेलं.

हे सगळं एका ठिकाणी बघायचं तर बी-26 मरॉडरकडे बघावं. माझ्या मते सरावातल्या यांत्रिक अपघातांचा याहून बोलका धडा सापडणार नाही. मार्टिन कंपनीचं हे दोन इंजिनी बॉम्बफेकी विमान. नमुना विमान उडवून न बघता थेट कागदावरच्या आराखड्यावरून मागणी दिलेली. पहिलं उड्डाण नोव्हेंबर 1940. पंख फक्त 65 फूट, त्यामुळे वेगवान, आणि त्यामुळेच उतरतानाही वेग फार. उतरायला येताना ताशी 150 मैलांच्या आसपास राहावं लागे, आणि एका इंजिनावर तग धरायला साधारण 140. फ्लोरिडात टँपाजवळच्या मॅकडिल तळावर त्याचा सराव चाले. तिथली विमानं इतकी पडू लागली की 'रोज एक, टँपाच्या खाडीत' अशी म्हण झाली. म्हणीत अतिशयोक्ती होती, भीतीत नव्हती. प्रकरण युद्धखर्चाची चौकशी करणाऱ्या सिनेटर ट्रुमन यांच्या समितीपर्यंत गेलं आणि विमान बंदच करावं की काय इथवर चर्चा झाली.

दोष काय निघाले? एक होता प्रोपेलरचा. यावर कर्टिस कंपनीचा विजेवर चालणारा प्रोपेलर होता. पात्यांचा कोन बदलायला हबमध्ये छोटी मोटर, तिला ब्रशांमधून वीज. तेलाची भानगड नाही, म्हणजे वर सांगितलेला धोका टळला. पण वीज कमी पडली की पाती असतील त्या कोनात अडकतात. उड्डाणाच्या सुरुवातीला कोन सपाट असतो. विमान वेग घेऊ लागतं, कोन वाढायला हवा, तो वाढत नाही, आणि प्रोपेलर मोकाट सुटतो. फेरे मर्यादेबाहेर जातात, ओढ मात्र राहत नाही. हे घडतं बरोबर त्या क्षणी जेव्हा वेग 140 च्या खाली असतो. मग वीज कमी का पडे? कारण नवशिके मेकॅनिक जमिनीवर विजेची उपकरणं तपासताना बाहेरचं जनरेटर जोडण्याऐवजी विमानाचीच बॅटरी वापरत. दिवसभर तपासणी, शिकवणी, प्रात्यक्षिक, सगळं त्या बॅटरीवर. संध्याकाळी ती अर्धमेली, आणि तिच्या भरवशावर उड्डाण.

दुसरा दोष कार्ब्युरेटरचा. विमानांना मिळणारं 100 ऑक्टेनचं इंधन बदललं; नव्यात ॲरोमॅटिक द्रव्यांचं प्रमाण जास्त होतं. कार्ब्युरेटरमधल्या पातळ पडद्यांना, डायफ्रॅमना, ते सोसेना. पडदे खराब झाले की इंधनाचं मोजमाप चुकतं आणि इंजिन ऐन वेळी ताकद सोडतं. ही गोष्ट ना वैमानिकाच्या हातातली, ना तळावरच्या मेकॅनिकच्या. इंधन बदलणाऱ्याला कार्ब्युरेटरचा पडदा ठाऊक नव्हता आणि पडदा बसवणाऱ्याला इंधन बदलल्याची खबर नव्हती. मला विचाराल तर युद्धकाळातल्या यांत्रिक बिघाडांचं खरं मूळ बहुतेकदा अशा दोन टेबलांच्या मधल्या जागेत सापडतं.

यावर उपाय काय झाला, तेही बघण्यासारखं आहे. हवाई दलाचे नामांकित वैमानिक-अधिकारी जिमी डूलिटल यांच्याकडे हे प्रकरण सोपवलं गेलं. त्यांचे सहकारी व्हिन्सेंट बर्नेट तळातळावर गेले आणि एका इंजिनावर विमान उडवून, बंद इंजिनाच्या बाजूला वळवून, मुलांच्या डोळ्यांदेखत उतरवून दाखवू लागले. मेकॅनिकांच्या शिक्षणात सुधारणा झाली. पंख 71 फुटांचे केले. गंमत अशी की विमानाचं वजनही तेवढ्यात वाढवलं, त्यामुळे लांब पंखांचा उतरण्याच्या वेगाला फारसा फायदा झालाच नाही. तरी हेच विमान पुढे युरोपात मोहिमेमागे 1 टक्क्याहूनही कमी नुकसान सोसून युद्ध पुरं करून आलं. मग बदललं काय, यंत्र की माणसं? मी म्हणेन, दोन्हींमधलं नातं.

चार इंजिनांत बी-29 चा दाखला पुरेसा आहे. त्याचं राइट कंपनीचं 3350 इंजिन, अठरा सिलिंडर दोन रांगांत, 2200 अश्वशक्ती. मागच्या रांगेला हवा कमी मिळे, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापून तुटत, आणि आग लागली की ती मॅग्नेशियम मिश्रधातूच्या भागांना धरे. मॅग्नेशियम पेटल्यावर विझवणं अशक्य, आणि त्यामागेच पंखाचा मुख्य कणा. 18 फेब्रुवारी 1943 रोजी सिॲटलमध्ये दुसरं नमुना विमान अशाच आगीत मांस कारखान्यावर कोसळलं. चाचणी वैमानिक एडी ॲलन आणि त्यांचे दहा साथीदार, शिवाय खालची वीसेक माणसं गेली. ते सरावाचं उड्डाण नव्हतं, पण पुढे कॅन्ससच्या तळांवर ज्यांनी या विमानाचा सराव केला त्यांच्या नशिबी हीच इंजिनं आली. व्हॉल्व्हकडे जाणारं तेल वाढवलं, हवेची दिशा वळवणाऱ्या पट्ट्या बदलल्या. आग कमी झाली, थांबली नाही.

इथं शिकवण्याच्या पद्धतीचा एक पेच आहे. विद्यार्थ्याला शिकवतात: उड्डाणाआधी प्रत्येक गोष्ट नीट तपासा. तो धावपट्टीच्या टोकाला उभा राहून चारही इंजिनं एकेक करून शांतपणे तपासतो. तेवढ्या वेळात, हवा न मिळाल्यानं, इंजिनं मर्यादेपर्यंत तापलेली असतात, आणि आता तो पूर्ण ताकद मागतो. म्हणजे काळजीपूर्वक केलेली तपासणीच इंजिनाला मारते. हवाई दलाचे अधिकारी पॉल टिबेट्स यांनी 1944 साली डोरा डॉगर्टी आणि डोरोथिया जॉन्सन या दोन वास्प वैमानिकांना हे विमान शिकवलं तेव्हा हाच भाग बदलला: जमिनीवर रेंगाळायचं नाही, इंजिनं थंड असतानाच हवेत जायचं. त्या दोघींनी न्यू मेक्सिकोत पुरुष वैमानिकांसमोर ते उडवून दाखवलं. कुरकुर करणाऱ्यांची तोंडं बंद झाली, हे सांगायला नकोच.

ब्रिटिशांकडे वेगळी कथा नव्हती. त्यांच्या बॉम्बर दलाचे 55,573 जण गेले, त्यातले 8 हजारांवर शत्रूच्या हातून नव्हे तर सरावात आणि इतर अपघातांत. चार इंजिनी विमानांवर हात बसवणाऱ्या त्यांच्या तुकड्यांना जुनी हॅलिफॅक्स विमानं दिलेली. या विमानाच्या सुरुवातीच्या नमुन्यांत एक खोड होती: एकाच बाजूची इंजिनं बंद असताना कमी वेगात रडर जोरानं दाबला तर तो एका टोकाला जाऊन चिकटून बसे आणि विमान घरंगळत खाली जाई. उपाय म्हणून शेपटीचे त्रिकोणी उभे पंख काढून मोठे चौकोनी बसवले. पण सुधारलेली विमानं आधी आघाडीवर गेली, आणि जुन्या खोडीची विमानं कुणाकडे राहिली असतील हे तुम्ही ओळखलंच असेल. एक इंजिन बंद करून सराव करायचा तो याच विमानात.

आता अहवाल वाचण्याबद्दल. अमेरिकन अहवालाचं नाव फॉर्म 14. चौकशी मंडळात बहुधा त्याच तळावरचे अधिकारी असत, आणि त्यांच्या पुढ्यात पुढच्या आठवड्याचा अपघात येऊन पडलेला असे. कारणं टक्केवारीत वाटायची पद्धत होती: वैमानिक इतके टक्के, यंत्रसामग्री इतके टक्के. ही टक्केवारी शास्त्र म्हणून वाचू नका. त्या आकड्यांत मंडळाची तडजोड दिसते. 'यंत्रसामग्री 100 टक्के' असं लिहिलेलं दिसलं तर त्याचा एक अर्थ असा की मंडळाला वैमानिकाच्या घरच्यांना आणखी दुखवायचं नव्हतं. दुसरा असा की तुटलेला भाग खरोखर हातात होता. कुठला अर्थ घ्यायचा ते बाकीच्या पानांवरून ठरवावं लागतं.

त्या पानांत मी पहिल्यांदा प्रोपेलरचं वर्णन शोधतो, छायाचित्र असेल तर फारच उत्तम. आपटताना इंजिन ताकदीत असेल तर पात्यांची टोकं बहुधा पुढे वळतात. नुसतं वाऱ्यावर फिरत असेल तर मागे वाकतात. एखादं पातं जवळपास सरळ राहिलं असेल तर प्रोपेलर थांबलेला होता. अहवाल म्हणतो इंजिन बंद पडलं, आणि पाती पुढे वळलेली दिसतात, तर अहवालावर शंका घ्या. त्यानंतर इंधनाची कळ कुठल्या टाकीवर होती ते. बंद पडलेल्या इंजिनांत बिघाड न सापडता कळ रिकाम्या टाकीवर सापडल्याची प्रकरणं कमी नाहीत. तेलाच्या गाळणीत धातूचे कण होते का, हे लिहिलं असेल तर बेअरिंग आधीपासून झिजत होतं आणि कुणीतरी ती गाळणी वेळेवर उघडली नव्हती.

मग वैमानिकाचे तास. एकूण तास बघून समाधान मानू नका. त्या विशिष्ट प्रकारच्या विमानावरचे तास आणि गेल्या तीस दिवसांतले तास वेगळे दिलेले असतात, ते बघा. चारशे तासांचा वैमानिक त्या विमानावर पाच तासांचा असू शकतो. सर्वांत शेवटी, जोडलेला असेल तर, फॉर्म 1ए. शेवटच्या उड्डाणाची ओळ सोडून द्या. त्याच्या मागच्या दहा-बारा उड्डाणांच्या ओळी वाचा आणि एकच तक्रार वेगवेगळ्या अक्षरांत किती वेळा आली आहे ते मोजा.

अमेरिकन अहवालांच्या मायक्रोफिल्म अलाबामातल्या मॅक्सवेल तळावरच्या हवाई दलाच्या इतिहास संशोधन विभागात आहेत. मागणी करताना तारीख, तळ आणि विमानाचा अनुक्रमांक एवढं कळवलं की शोध सोपा होतो. नुसत्या नावावरून फार वेळ लागतो. ब्रिटिश अपघातांसाठी फॉर्म 1180 नावाची कार्डं आहेत. एका कार्डावर जेमतेम चार-सहा ओळी, पण 'इंजिन' या शब्दापुढे कुठलं इंजिन आणि त्यातला कुठला भाग हे बहुधा तिथंच लिहिलेलं असतं.